बरणीतलं तेल आणि पट्टीतली गोळी

गेल्या डिसेंबरात तीन आठवडे रत्नागिरीला घरी होतो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी कात्री शोधायला म्हणून बाबांच्या टेबलाचा खण उघडला. कात्री मिळाली नाही. मिळाल्या त्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या न उघडलेल्या पट्ट्या, रबरबँड लावून नीट रचून ठेवलेल्या. मोजल्या तर अकरा. एका पट्टीत पंधरा गोळ्या, म्हणजे साडेपाच महिने. आई दर महिन्याला न चुकता दुकानातून आणत होती आणि बाबा न चुकता खणात ठेवत होते.

टेबलावर मात्र माशाच्या तेलाच्या पिवळ्याधमक कॅप्सूलची मोठी बरणी होती, तळाला आलेली. ती मी जूनमध्ये भारतात येणाऱ्या एका मित्राबरोबर पाठवली होती.

"बाबा, ह्या गोळ्या का नाही घेतल्या?"

"अरे, ते तेल घेतोय ना. सकाळी एक, रात्री एक. एक दिवसाचा खाडा नाही."

"पण तेल ह्या गोळ्यांच्या ऐवजी नव्हतं."

"तूच म्हणालास ना फोनवर, कोलेस्टेरॉलला चांगलं असतं म्हणून?"

म्हणालो होतो. पंचाईत नेमकी तिथेच आहे. नावामागे डॉक्टर लावायची मला परवानगी आहे, पण ताप आल्यावर ज्याच्याकडे जाऊन काही उपयोग नाही अशातला मी डॉक्टर. अमेरिकेत ओहायो राज्यात इंजिनांच्या नियंत्रण-प्रणालीवर संशोधन करतो. आमच्या गल्लीत मात्र 'अमेरिकेत पी.एचडी. केलेला मुलगा म्हणतो' या वाक्याला एम.डी.पेक्षा जास्त वजन आहे, हे मला कळायला हवं होतं.

आई म्हणाली, "श्रावणात मासे बंद होते, तरी कॅप्सूल चालू होती हो. औषधाला दोष नसतो म्हणाले." म्हणजे श्रद्धा केवढी बघा. ज्या गावात मिरकरवाडा बंदरावर बांगडा नि तारली टोपल्यांनी उतरते, त्या गावातल्या माणसाला मी साता समुद्रापलीकडून माशाचं तेल पाठवलं, आणि त्यासाठी त्याने डॉक्टरची गोळी बाजूला ठेवली! बरं, हे तेल तरी अमेरिकेचं असतं का? जगभरच्या माशाच्या तेलाचा मोठा वाटा दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्ही नावाच्या छोट्या माशातून येतो. असो.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बाबांचं रक्त तपासायला दिलं. जुने रिपोर्ट फाइलमध्ये होतेच (बाबा निवृत्त हेडक्लार्क, त्यामुळे फाइलला तोड नाही). तीन रिपोर्ट शेजारी शेजारी मांडले. गोळी सुरू होण्याआधी एलडीएल १६२, ट्रायग्लिसराइड २१०. गोळी चालू असताना एलडीएल ९४, ट्रायग्लिसराइड १८०. आणि साडेपाच महिने नुसतं तेल घेतल्यावर एलडीएल १५८, ट्रायग्लिसराइड १९०.

एकाच माणसाचे तीन आकडे म्हणजे शास्त्र नव्हे, हे मला कळतं. ट्रायग्लिसराइड तर इतकं चंचल की काही न करता आज आणि पुढच्या आठवड्यात वीसेक टक्के इकडेतिकडे सहज होतं. पण एलडीएलचा आकडा चंचल म्हणून झटकून टाकण्यासारखा नव्हता. तो जवळजवळ जिथून निघाला तिथेच परत आला होता. बाबा सदुसष्ट वर्षांचे, दहा वर्षं मधुमेह. त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका, चौपन्नाव्या वर्षी ऑफिसातून घरी येताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले. डॉक्टर बाबांचं ९४ सुद्धा अजून खाली आणायच्या विचारात होते. आणि इथे मुलगा प्रेमाने बरणी पाठवून ते १५८वर नेऊन ठेवतो.

तेव्हापासून या विषयावर बरंच वाचलं. आज लिहितोय ते एवढ्यासाठी की अशी बरणी बहुतेक घरांत असते, आणि ती पाठवणारा कुणीतरी माझ्यासारखाच परदेशात असतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. माशाचं तेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी ही एकाच कामाची दोन औषधं नव्हेत, एक 'नैसर्गिक' आणि एक 'केमिकल' अशी जोडी तर मुळीच नव्हे. त्यांची कामं वेगळी, मात्रा वेगळी आणि त्यांच्यामागचा पुरावा तर फारच वेगळा. एकीच्या जागी दुसरी घेणं म्हणजे ब्रेक खराब झाल्यावर हॉर्न दुरुस्त करून घेण्यासारखं आहे.

आता हे काम वेगळं म्हणजे काय ते पाहू. रिपोर्टमध्ये 'लिपिड प्रोफाइल' नावाखाली चार-पाच आकडे येतात आणि आपण सगळ्यांना मिळून 'कोलेस्टेरॉल' म्हणतो. चरबी पाण्यात विरघळत नाही, तशी रक्तातही विरघळत नाही. म्हणून यकृत ती छोट्या छोट्या टेंपोंत भरून बाहेर पाठवतं अशी कल्पना करा. टेंपोत मुख्य माल असतो ट्रायग्लिसराइड, म्हणजे इंधनाची चरबी, आणि बरोबर थोडं कोलेस्टेरॉल. टेंपो शरीरभर फिरतो, स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना माल उतरवून देतो आणि हलका होत जातो. माल उतरवून झालेला, आता मुख्यतः कोलेस्टेरॉलच घेऊन फिरणारा जो टेंपो उरतो, त्याचं नाव एलडीएल. हे रिकामे टेंपो यकृताने परत घ्यायचे असतात. घेतले नाहीत तर ते रक्ताच्या गल्लीबोळांत फिरत राहतात आणि कुठेतरी धमनीच्या भिंतीत घुसून अडकतात. तिथेच पुढे गाठ बनते, आणि एखाद्या दिवशी ती फुटून रस्ता बंद होतो.

म्हणजे दोन प्रश्न झाले. किती माल भरून पाठवला, आणि किती रिकामे टेंपो रस्त्यात उरले. ट्रायग्लिसराइड हा मालाचा आकडा. एलडीएल हा, ढोबळ मानाने, उरलेल्या टेंपोंचा.

स्टॅटिन गटातली गोळी (बाबांची त्यातलीच) टेंपोंवर काम करते. यकृत स्वतः कोलेस्टेरॉल बनवतं, त्या कारखान्यातलं एक यंत्र ही गोळी मंदावते. आपल्याकडे तुटवडा पडला हे यकृताच्या लक्षात येतं आणि ते फिरते टेंपो आत ओढून घेण्यासाठी आपली जास्त दारं उघडतं. नियंत्रण-प्रणाली शिकलेल्या माणसाला हे वाचून टाळी वाजवावीशी वाटते. औषध रक्तातलं कोलेस्टेरॉल धुऊन वगैरे काढत नाही. ते शरीराच्याच नियंत्रकाला सांगतं की तुटवडा आहे, आणि बाकीचं काम शरीर करतं. या दारांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांना १९८५मध्ये नोबेल मिळालं.

आणि 'केमिकल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गंमत. ही गोळी मुळात बुरशीतून आली. जपानमध्ये अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञाने सांक्यो कंपनीत असताना सहा हजारांवर बुरश्या तपासल्या आणि १९७३मध्ये तांदळावर सापडलेल्या पेनिसिलियम जातीच्या एका निळसर बुरशीत पहिलं स्टॅटिन शोधलं. १९८७मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं स्टॅटिनही बुरशीतूनच काढलेलं होतं. म्हणजे नैसर्गिकच म्हणायचं तर गोळीचं गोत्रही काही कमी नाही. (पुढच्या अनेक गोळ्या प्रयोगशाळेत घडवल्या गेल्या, पण काम तेच.)

आता तेल. त्याची गोष्ट सुरू होते ग्रीनलंडला. १९७०च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग हे दोन डॅनिश संशोधक तिथल्या इनुइट लोकांकडे गेले. ही मंडळी सील, व्हेल आणि मासे यांवर जगणारी, म्हणजे चरबीच चरबी, आणि तरी त्यांच्या रक्तातलं ट्रायग्लिसराइड डेन्मार्कच्या लोकांपेक्षा कितीतरी कमी. यातून माशांतल्या ओमेगा-३ चरबीकडे जगाचं लक्ष गेलं. पुढे २०१५मध्ये असंही दिसलं की इनुइट लोकांच्या जनुकांतच अशा आहाराला जुळवून घेणारे बदल आहेत. म्हणजे त्यांचं तेल आपण प्यायलो म्हणून त्यांचं रक्त आपल्याला मिळेल असं नाही. पण मूळ निरीक्षण खरं ठरलं. ओमेगा-३ भरपूर दिलं की यकृत टेंपोंत माल कमी भरतं आणि ट्रायग्लिसराइड उतरतं.

इथे 'भरपूर' हा शब्द अधोरेखित करा. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्यांसाठी २००४मध्ये अमेरिकेत माशाच्या तेलापासून बनवलेल्या एका औषधाला मान्यता मिळाली. दुकानातली बरणी नव्हे, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध. त्याची मात्रा दिवसाला ४ ग्रॅम, आणि त्यात ईपीए आणि डीएचए ही कामाची दोन ओमेगा-३ मिळून सुमारे ३,३६० मिलिग्रॅम. आता बरणी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. नेहमीच्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३००. बाकीचे ७०० म्हणजे इतर चरबी. भागाकार करा. औषधाची मात्रा गाठायला रोज अकरा ते बारा कॅप्सूल लागतील. बाबा दोन घेत होते. समोर मोठ्या अक्षरात '१,०००' आणि मागे बारीक अक्षरात '३००' ही कला या देशाला छान जमते.

आणि समजा कुणी खरोखरच पूर्ण मात्रा घेतली, तर? त्या २००४च्या औषधाच्या माहितीपत्रकातच आकडे आहेत. ट्रायग्लिसराइड ५००च्या वर असलेल्या रुग्णांत ते सुमारे ४५ टक्क्यांनी उतरलं. आणि त्याच रुग्णांत एलडीएल? तेही सुमारे ४५ टक्क्यांनी, पण वर गेलं! आपल्या टेंपोच्या हिशोबात हे चमत्कारिक नाही. माल कमी भरलेला टेंपो लवकर रिकामा होतो आणि लवकर एलडीएल बनतो. (नुसतं शुद्ध ईपीए दिलं तर एलडीएल असं वाढत नाही, हा फरक पुढे महत्त्वाचा आहे.) तेव्हा 'माशाचं तेल कोलेस्टेरॉलला चांगलं' हे माझं फोनवरचं वाक्य अर्धवट तर होतंच, उलटंही पडू शकलं असतं.

दोघांची समोरासमोर कुस्ती लावून पाहिली आहे का? हो. क्लीव्हलंडच्या, म्हणजे आमच्याच ओहायोतल्या एका संस्थेने केलेला तो प्रयोग २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १९० लोक, २८ दिवस. एका गटाला रोसुव्हास्टॅटिनची ५ मिलिग्रॅमची, म्हणजे अगदी लहान गोळी. एका गटाला खोटी गोळी. बाकीच्या सहा गटांना सहा 'नैसर्गिक' पदार्थ. माशाचं तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतींतले स्टेरॉल आणि लाल यीस्टचा तांदूळ. (यादी वाचून आपलं स्वयंपाकघर आठवलं ना? मलाही.) गोळीच्या गटात एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरलं. सहांपैकी एकही पदार्थ खोट्या गोळीपेक्षा ठळक सरस ठरला नाही. लसणाच्या गटात तर ते थोडं वाढलं.

या प्रयोगाला पैसा त्याच गोळीच्या कंपनीने दिला होता, हे सांगितलं पाहिजे. कालावधीही लहान. आणि माशाचं तेल मुळात ट्रायग्लिसराइडवालं, त्याला एलडीएलच्या आखाड्यात उतरवणं थोडं अन्यायाचं. सगळं मान्य. पण मी माझ्या बाबांना नकळत त्याच आखाड्यात उतरवलं होतं, म्हणून मला हा निकाल लागू पडतो.

इथपर्यंत सगळे आकडे रक्ताच्या रिपोर्टमधले. पण माझ्या कामात एक गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. मीटरचा काटा खाली आला म्हणजे इंजिन थंड झालंच असं नसतं. काटा हाताने खाली दाबला तरी तो खालीच दिसतो. आपल्याला रिपोर्ट सुंदर करायचा नाही, हार्ट अटॅक टाळायचा आहे. तेव्हा खरा प्रश्न असा की कोणता आकडा उतरवल्याने माणसं वाचतात?

स्टॅटिनच्या बाजूने उत्तर स्पष्ट आहे. १९९४मध्ये स्कँडिनेव्हियातल्या देशांनी केलेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण, पाच वर्षांहून जास्त काळ. खोटी गोळी घेणाऱ्यांत २५६ मृत्यू, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत १८२. चौऱ्याहत्तर माणसांचा फरक. त्यानंतर लाखाहून अधिक लोकांवरचे प्रयोग एकत्र करून जे गणित निघालं ते असं. एलडीएल सुमारे ३९ने उतरलं की हार्ट अटॅक, अर्धांगवायू वगैरे मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. बाबांचं ९४वरून १५८ झालं होतं, म्हणजे ६४ने चढलं. हे गणित मी रात्री जेट लागलेला असताना केलं, आणि मग झोप आली नाही.

माशाच्या तेलाच्या बाजूचं उत्तर नागमोडी आहे. १९९९मध्ये इटलीतल्या ११ हजारांवर रुग्णांच्या प्रयोगात रोज साधारण एक ग्रॅम ओमेगा-३ने मृत्यू कमी झालेले दिसले, आणि जगभर बरण्यांचा सुळसुळाट झाला. पण पुढे स्टॅटिन आणि इतर उपचार सर्रास झाल्यावर तोच फायदा पुन्हा सापडेना. २०१८मध्ये दोन मोठे निकाल आले. एक ब्रिटनमधला, १५ हजारांवर मधुमेही. एक अमेरिकेतला, जवळजवळ २६ हजार निरोगी माणसं. दोन्हींत रोजच्या एक ग्रॅमच्या कॅप्सूलने हृदयाच्या मोठ्या घटना ठळकपणे कमी झाल्या नाहीत.

गंमत म्हणजे त्याच २०१८मध्ये शुद्ध ईपीएच्या एका औषधाने बाजी मारली. ८,१७९ रुग्ण, रोज ४ ग्रॅम, आणि सगळे आधीपासून स्टॅटिन घेणारे. मोठ्या घटना २२ टक्क्यांवरून १७.२ टक्क्यांवर आल्या. बरणीवाले तेव्हापासून हाच दाखला देतात, पण 'शुद्ध ईपीए', '४ ग्रॅम' आणि 'स्टॅटिनच्या जोडीला' हे तीन शब्दसमूह गाळून. शिवाय याच प्रयोगावर वाद आहे. दुसऱ्या गटाला खोटं औषध म्हणून खनिज तेल दिलं होतं आणि त्यांचं एलडीएल त्या काळात वाढलं, त्यामुळे तुलना थोडी फुगली का, हा प्रश्न राहतोच. २०२०मध्ये ईपीए आणि डीएचए दोन्ही असलेल्या ४ ग्रॅमच्या दुसऱ्या औषधाचा १३ हजारांवर रुग्णांचा प्रयोग फायदा दिसत नाही म्हणून मध्येच थांबवावा लागला. ट्रायग्लिसराइड त्यातही उतरलं होतं. आणि या मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा त्रास थोडा वाढतो, हे दोन्ही प्रयोगांत दिसलं.

अजून एक दाखला देतो, कारण तो डोक्यातून जात नाही. २०२२मध्ये पेमाफायब्रेट नावाच्या औषधाचा निकाल आला. हे माशाचं तेल नव्हे, पण काम तेच, ट्रायग्लिसराइड उतरवणं. दहा हजारांवर मधुमेही रुग्ण. ट्रायग्लिसराइड सुमारे २६ टक्क्यांनी उतरलं, आणि हृदयाच्या घटनांत फरक शून्य. माल कमी झाला, टेंपोंची संख्या काही कमी झाली नाही. रस्ते तुंबतात ते टेंपोंमुळे.

हे मी मुद्दाम लांबण लावून सांगतोय, कारण ट्रायग्लिसराइड हा खास आपला प्रश्न आहे. महाराष्ट्रासह देशाच्या चार भागांत केलेल्या आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे २०१४मध्ये प्रसिद्ध झाले. ट्रायग्लिसराइड वाढलेले साधारण ३० टक्के लोक, आणि 'चांगलं' म्हणतात ते एचडीएल कमी असलेले ७२ टक्के. एलडीएल वाढलेले मात्र १२ टक्क्यांच्या आसपास. यावरून कुणी म्हणेल, मग आपल्याला तेलच हवं. उलट आहे. ट्रायग्लिसराइड वाढण्याची आपल्याकडची कारणं ताटात आणि खुर्चीत आहेत. साखर, मैदा, ताटभर पांढरा भात, दारू, सुटलेलं पोट, ताब्यात नसलेला मधुमेह. तिथे हात घातला तर आकडा कॅप्सूलपेक्षा जास्त हलतो, आणि फुकट हलतो. (फार वाढलेलं, म्हणजे पाचशेच्या पुढचं ट्रायग्लिसराइड स्वादुपिंडाला सूज आणू शकतं. तिथे औषध लागतंच, पण तेही डॉक्टरच्या हातून.)

आता बाबांची बाजू. ती ऐकून घेतल्याशिवाय हा लेख एकतर्फी होईल. गोळी सोडण्यामागे माझी बरणी हे अर्धं कारण होतं. दुसरं अर्धं हळूच बाहेर आलं. "त्या गोळीने पोटऱ्या दुखतात रे. आणि एकदा चालू झाली की जन्मभर."

पोटऱ्या दुखणं खोटं नाही. स्टॅटिनने स्नायूंना क्वचित गंभीर इजा होते. २००१मध्ये सेरिव्हास्टॅटिन नावाची गोळी याच कारणाने बाजारातून काढून घ्यावी लागली. मधुमेह होण्याचा धोकाही थोडा वाढतो. हे दडवून ठेवणाऱ्यांमुळेच लोकांचा गोळीवरचा विश्वास उडतो. पण २०२०मध्ये लंडनहून आलेला एक लहानसा प्रयोग इंजिनियर म्हणून मला फार आवडला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेली साठ माणसं घेतली. प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या. चार बाटल्यांत खरी गोळी, चारांत खोटी, चार रिकाम्या. क्रम कुणाला ठाऊक नाही. रोज त्रासाला गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जास्त. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांतही जवळजवळ तितकाच! खऱ्या गोळीने जो त्रास वाढला त्याचा सुमारे नव्वद टक्के भाग खोट्या गोळीनेही वाढला होता. म्हणजे दुखणं खरं होतं, पण बहुतांशी ते गोळीतल्या औषधाचं नव्हतं, गोळी घेण्याचं होतं. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा सुरू केली.

बाबांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "अरे, डॉक्टरची गोळी घेतली की आपण आजारी आहोत असं वाटतं. तुझी घेतली की बरं वाटतं."

यावर काय बोलणार? आम्हा परदेशातल्यांच्या तेवीस किलोच्या बॅगेत बदाम, चॉकलेटं आणि बरण्या असतात, कारण स्वतःला वर्षभर त्या बॅगेत भरून पाठवता येत नाही. बरणी स्वस्त पडते. वीसेक डॉलरमध्ये आपण काळजी घेतली असं वाटतं. तिकडे ती बरणी देव्हाऱ्याशेजारी जागा मिळवते आणि गल्लीतल्या औषधाच्या दुकानातली, काही रुपयांची, लाखभर माणसांवर तपासलेली गोळी खणात जाते.

आणि 'अमेरिकेतली आहे म्हणजे तपासलेलीच असणार' हा समज तर पार चुकीचा. १९९४च्या इथल्या कायद्याप्रमाणे अशा पूरक पदार्थांच्या कंपन्यांना माल विकण्याआधी त्याचा गुण सरकारपुढे सिद्ध करावा लागत नाही. त्याऐवजी बरणीवर एक वाक्य छापावं लागतं. त्याचा मतलब असा की या दाव्यांची अन्न-औषध खात्याने तपासणी केलेली नाही आणि हा माल कुठल्याही रोगाचं निदान, उपचार वा प्रतिबंध करण्यासाठी नाही. पाठवताना मी ते वाचलं नव्हतं. इंजिनाचा साधा सेन्सर बदलताना मी चाळीस पानी माहितीपत्रक वाचतो, आणि बापाच्या रक्तात काय सोडतोय ते वाचलं नाही.

तेव्हा मंडळी, माझं मत एवढंच. मासे खाणारे असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली खा, तळण्यापेक्षा कालवण बरं. त्याला पेरूहून यायची गरज नाही. न खाणाऱ्यांनी कॅप्सूल नाही म्हणून हळहळण्याचं काही कारण नाही. डॉक्टरांनी स्टॅटिन दिली असेल आणि त्रास होत असेल तर त्यांना तसं सांगा. मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते, दुसऱ्या जातीची औषधंही आहेत. परस्पर बंद करू नका. आणि घरात कुणी परदेशातून बरणी पाठवली असेल तर ती घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा, पाठवणारा कितीही शिकलेला असो.

बाबांनी गोळी सुरू केली आहे, डॉक्टरांशी बोलून, थोड्या कमी मात्रेने आधी. निघताना मी उरलेली बरणी उचलायला गेलो तर म्हणाले, "राहू दे रे ती." मी म्हटलं, "मग ती खणात ठेवा आणि पट्टी टेबलावर." हसले. आता दर रविवारी फोनवर हवापाण्याच्या आधी मी एकच प्रश्न विचारतो, आणि ते हेडक्लार्कच्या आवाजात पट्टीत उरलेल्या गोळ्यांचा आकडा सांगतात. परवा सांगितलेला आकडा हिशोबापेक्षा दोनने जास्त होता. मी काही बोललो नाही. या रविवारी विचारणार आहे.